शेजारच्या वर्गातलं माणूस

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी राजीनाम्याचं पत्र लिहिलं होतं. तारीख तेवढी घालायची बाकी होती.

साल १९८९. ठाणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातली दोनशिक्षकी शाळा (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे). दोनशिक्षकी फक्त कागदावर. दुसरी जागा रिकामी होती, त्यामुळे पहिली ते चौथी असे चारही वर्ग एकाच खोलीत माझ्यासमोर. डी.एड.ला माझ्या पाठांचं फार कौतुक व्हायचं. इथे मी बोलायला लागले की पहिलीची मुलं नुसती बघत बसायची. मी पुण्याची, माझं मराठी पुस्तकातलं. मुलांची बोली वारली, ती मला ओ की ठो कळत नव्हती. तिसऱ्या महिन्यात पटावर अठ्ठावीस आणि वर्गात सात, अशी अवस्था झाली. हे सांगायचं तरी कुणाला? घरी सांगितलं तर "परत ये" म्हणाले असते. वर सांगितलं तर शेरा मिळाला असता. मग रात्री कंदील लावून पत्र लिहिलं.

त्याच आठवड्यात डोंगरापलीकडच्या शाळेतल्या एक बाई माझ्या वर्गात येऊन बसल्या. पन्नाशीच्या असतील. बाजारात एकदोनदा तोंडओळख झाली होती, इतकंच. दिवसभर मागे मुलांमध्ये मांडी घालून बसून राहिल्या. एका शब्दाने मला काही शिकवलं नाही. शाळा सुटल्यावर म्हणाल्या, "पोरी, सोमवारी तू माझ्या वर्गात येऊन बस."

सोमवारी गेले. त्यांच्या वर्गात मुलं चिंचोके, खडे आणि शिंपले मांडून हिशेब करत होती. फळ्यावरचे शब्द मुलांच्या बोलीतले होते. बाई बोलत होत्या कमी आणि मुलं जास्त. निघताना मी म्हटलं, "बाई, तुम्हाला हे सगळं कसं सुचतं हो?" त्या हसल्या. "हे माझं नाही गं. मला कोसबाडला मिळालं."

माझ्या वर्गात बसण्यासाठी बाईंनी त्या दिवशी किरकोळ रजा टाकली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. स्वतःची रजा खर्चून दुसरीच्या वर्गात जमिनीवर बसणारं माणूस.. आजही हा विचार मनात आला की हात थांबतात.

पण आज बाईंइतकंच त्यांच्या त्या वाक्याबद्दल लिहायचंय. 'मला कोसबाडला मिळालं.' मग कोसबाडला कुणाला कुठून मिळालं? या प्रश्नाचा माग मी जमेल तसा काढत राहिले. सुट्टीत वाचलं, जुन्या लोकांशी बोलले. मला वाटलं होतं की माग एखाद्या मोठ्या माणसापाशी जाऊन थांबेल. तसा तो थांबत नाही, ही गंमत आहे.

माग जातो तो थेट गुजरातेत, भावनगरला. नानाभाई भट्टांनी १९१० साली तिथे दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन सुरू केलं. आधी ते नुसतं वसतिगृह होतं. १९१६ साली गिजुभाई बधेका नावाचे एक वकील चालती वकिली सोडून तिथे दाखल झाले. स्वतःच्या मुलाला कुठल्या शाळेत घालावं, या काळजीतून ते मॉन्टेसोरी बाईंच्या लिखाणापर्यंत पोचले होते. १९२० मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर काढलं. अडीच-तीन वर्षांच्या मुलांची शाळा, तीही छडीशिवाय! त्या काळच्या आईबापांना हे किती विचित्र वाटलं असेल, याची आज कल्पना करणं कठीण आहे. पुढे लोक गिजुभाईंना प्रेमाने 'मूछाळी मा' म्हणू लागले, म्हणजे मिशा असलेली आई.

गिजुभाईंचं 'दिवास्वप्न' पुष्कळ शिक्षकांनी वाचलेलं असतं. नसेल तर जरूर वाचा, लहानसं पुस्तक आहे. त्यात एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याची परवानगी काढून चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करतो. गोष्टी सांगतो, खेळ घेतो, मुलांसाठी पुस्तकं जमवतो. आणि बाकीचे शिक्षक? ते हसतात. त्याच्या वर्गातल्या गोंगाटाचा आम्हाला त्रास होतो म्हणतात. ही जादू वर्षभर ठीक आहे, परीक्षेत काय ते दिसेलच, असा एकूण सूर. मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यातल्या प्रयोगांपेक्षा त्या मास्तरचं एकटेपणच मनात राहिलं. शेजारच्या वर्गातली माणसं आपल्याला हसतायत, हे दुःख शिक्षकालाच माहीत.

नंतर लक्षात आलं की ज्याने हा एकटा मास्तर रंगवला तो लेखक स्वतः एकटा नव्हता. त्याच्या पाठीशी नानाभाई होते, हरभाई त्रिवेदी होते. आणि १९२३ पासून शेजारी ताराबाई मोडक होत्या.

ताराबाई मूळच्या केळकर. जन्म १८९२, मुंबईचा. १९१४ साली बी.ए. झाल्या. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण तो संसार टिकला नाही. १९२१ मध्ये काडीमोड झाला आणि पदरी एक लहान मुलगी. त्या काळात एकट्या बाईने हे कसं निभावलं असेल! राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. मान होता, पगार होता. पण अध्यापिका तयार करता करता त्यांना वाटायला लागलं की मुळात लहान मूल कसं शिकतं हे आपल्यालाच नीट कळलेलं नाही. भावनगरच्या बालमंदिराबद्दल त्यांना समजलं आणि प्राचार्यपद सोडून त्या गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. ताराबाई थोर होत्या हे आपण नेहमी सांगतो. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं की कॉलेजच्या प्राचार्यांनी तीन वर्षांच्या मुलांच्या वर्गात पुन्हा शिकायला बसायचं ठरवलं, आणि त्यांना शेजारी बसवून घेणारं कुणीतरी तिथे होतं.

दोघांनी मिळून जे उभं केलं त्यात १९२६ सालचा नूतन बालशिक्षण संघ मला सगळ्यात मोलाचा वाटतो. प्रयोग करणारी माणसं सगळीकडे निघतात. पण प्रयोग करणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहायला हवं, हे ओळखणारी थोडी. संघाची परिषद भरायची, शिक्षक-शिक्षिकांचं प्रशिक्षण चालायचं. 'शिक्षणपत्रिका' निघायची. आधी ती गुजरातीत होती, मग ताराबाईंनी मराठीतही काढली. कुठल्या तरी तालुक्याच्या गावी पंचवीस मुलं घेऊन बसलेल्या बाईला पोस्टमन ते मासिक आणून देत असेल, तेव्हा तिला काय वाटत असेल? दूर कुठे तरी दुसरी एक बाई याच अडचणीशी झगडते आहे, आणि तिने काय केलं ते इथे छापून आलंय! पोस्टमन त्या दिवशी तिला एक मैत्रीणच आणून देत असणार.

पुढे ताराबाई मुंबईला परतल्या. दादरला १९३६ मध्ये शिशुविहार सुरू झालं, शिक्षिकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली. १९३९ मध्ये गिजुभाई गेले. वय अवघं त्रेपन्न. माणूस गेला की काम संपतं, असं आपल्याकडे कितीदा होतं. इथे झालं नाही, कारण काम एका माणसाचं राहिलंच नव्हतं.

आता १९४५. बोरिवलीला ग्रामीण भागात काम करू इच्छिणाऱ्या स्त्रियांचं एक शिबिर भरलं होतं. तिथे पुण्याहून आलेल्या एक शिक्षिका होत्या, अनुताई वाघ. जन्म १९१०. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्यानंतर शिक्षण, ट्रेनिंग, चांदवडला काही वर्षं नोकरी, मग पुण्यात हुजूरपागेत. नोकरी सांभाळून रात्रशाळेत शिकून त्या मॅट्रिक झाल्या होत्या. ताराबाईंना खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू करायचं होतं आणि त्या कुणीतरी सोबत येईल का याच्या शोधात होत्या. अनुताई तयार झाल्या. एक त्रेपन्न वर्षांची, दुसरी पस्तीस वर्षांची.

डहाणू तालुक्यात समुद्रकाठी बोर्डी गाव आहे. तिथे १९२० पासून हायस्कूल होतं आणि त्याभोवती आचार्य भिसे यांच्यासारखी ध्येयवादी शिक्षक मंडळी जमली होती. परक्या गावात आलेल्या या दोघींना ही ओळखीची माणसं होती. एक शिक्षक दुसऱ्या शिक्षकाला गावात उभं राहायला जागा करून देतो, ही साधी गोष्ट इतिहासात कुणी लिहीत नाही.

ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. पण दलित आणि आदिवासी मुलं येईनात. का येतील? मोठी माणसं दिवस उजाडायच्या आत कामाला जात, लहान भावंडं सांभाळायला मोठी मुलं घरी. त्याच वर्षी याच पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला होता, यावरून तिथल्या परिस्थितीची कल्पना येईल. अशा घरातल्या आईला बालमंदिराचं महत्त्व पटवायचं ते कसं?

मग या दोघींनी सरळ हिशेब केला. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे जाईल. पाड्यावर जायचं, कुणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते ती अंगणवाडी! मुलं गुरांमागे रानात गेली तर शाळाही कुरणात जायची, ती कुरणशाळा. मॉन्टेसोरीची लाकडी साधनं महाग, शिवाय ती पाड्यावर परकी. म्हणून शिंपले, गोटे, बिया, पानं, बांबू ही साधनं झाली. मोठ्या मुलीला कडेवरचं भावंड घेऊन शाळेत येता यावं म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या, तिला नाव दिलं विकासवाडी. पुढे १९५० च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर हललं.

यातली कुठली कल्पना ताराबाईंची आणि कुठली अनुताईंची, असं मला एकांनी विचारलं होतं. मला वाटतं प्रश्नच गैरलागू आहे. सकाळी पाड्यावर जाऊन आलेली बाई दुपारी येऊन सांगते की आज अमुक जमलं नाही. दुसरी म्हणते, मग उद्या असं करून बघू. अशा शेकडो दुपारींमधून पद्धत तयार होते. तिच्यावर एकीचं नाव लिहिता येत नाही.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी पन्नाशीनंतर बी.ए. केलं, 'शिक्षणपत्रिका' सांभाळली, कोसबाड सांभाळलं. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी १९८२ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, रमेश पानसे यांच्यासारख्या नव्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी 'ग्राममंगल' सुरू केलं. पस्तिसाव्या वर्षी ज्या बाईंना कुणीतरी सोबत घेतलं होतं, त्यांनी बहात्तराव्या वर्षी दुसऱ्याला सोबत घेतलं. १९९२ च्या सप्टेंबरात त्या गेल्या.

आमच्या बाई मला एकदा कोसबाडला घेऊन गेल्या होत्या. अनुताई नेमक्या त्या दिवशी तिथे नव्हत्या. पुढे जाऊ जाऊ म्हणता राहूनच गेलं. मी त्यांना कधीच पाहिलं नाही. पण टेकडीवरच्या बालवाडीत एक स्थानिक बाई मुलांना गाणं शिकवत होत्या, त्या अजून आठवतात. आम्ही आलो म्हणून थांबल्या नाहीत, नुसतं हाताने 'बसा' म्हणाल्या. त्यांचं नाव मी विचारलं नाही. अशा कितीतरी जणी या कामात होत्या, ज्यांनी पाड्यावरची बोली आणि पाड्यावरची घरं या शहरी बायकांना ओळखीची करून दिली असणार. इतिहासात त्यांना 'सहकारी' एवढाच शब्द मिळतो. माझी सगळी नोकरी ज्या धाग्यावर टिकली त्याचं एक टोक त्यांच्या हातात होतं, आणि मला त्यांचं नावही माहीत नाही.

अंगणवाडी हा शब्द मात्र देशभर गेला. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगावी अंगणवाड्या निघाल्या. चांगलंच झालं. पण मला राहून राहून वाटतं की शब्द गेला, कल्पना गेली, आणि त्यामागची सोबत वाटेत कुठे तरी गळून पडली. आमच्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी होती. तिथल्या सेविकेला मी वर्षानुवर्षं पाहिलं. पोषण आहार, वजनं, रजिस्टरं, सर्वेक्षण, आणि हातात पगार नाही, मानधन. २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या तेव्हा पैशाची चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. पण या बाईच्या वर्गात मागे येऊन बसणारं कुणी आहे का, हा प्रश्न मी कुठे ऐकला नाही. तपासायला येणारे खूप असतात हो. बसायला येणारं कुणी नसतं.

आणि मी तरी काय केलं? माझी शाळा आणि तिची खोली यात वीस पावलांचं अंतर. डोंगर ओलांडून माझ्याकडे कुणी आलं म्हणून मी टिकले, आणि मला वीस पावलं जायला सहा वर्षं लागली! गेले तेव्हा ती घाबरली, तिला वाटलं काही चुकलं. मी म्हटलं, "काही नाही गं, बसायला आलेय." पुढे माझ्या पहिलीत येणारी मुलं मला महिनाभर आधीच माहीत असायची, कुणाला काय येतं, कोण कशाला बुजतं. ते तिच्याकडून कळायचं. फायदा माझाच झाला.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे केंद्रशाळा झाल्या, महिन्याची शिक्षण परिषद सुरू झाली. खरं सांगायचं तर त्यातल्या कितीतरी परिषदा परिपत्रकं वाचण्यात जायच्या. पण नंतर चहाला थांबलं की खरी परिषद भरायची. हातचा घेऊन वजाबाकी तुझ्या मुलांना जमते का रे? माझ्यातला एक पोरगा बोलतच नाही, काय करू? कुणी चित्रकार्डं द्यायचं, कुणी नुसतंच ऐकून घ्यायचं. एका सरांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, "माझी चौथी यंदा वाचत नाही, मला मदत पाहिजे." खोलीत एकदम शांतता पसरली. मग तिघेजण उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. शिक्षकी पेशात यापेक्षा धाडसाचं वाक्य मी ऐकलेलं नाही.

मी २०२४ मध्ये निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं झालं. ५ सप्टेंबरला आपण राधाकृष्णन यांना हार घालतो, ३ जानेवारीला सावित्रीबाईंना. घालायलाच हवेत. वरिष्ठांचे आभारही भाषणात येतात. आमची कृतज्ञता नेहमी अशी वर बघते, फोटोकडे नाही तर खुर्चीकडे. बाजूला बघायचं राहून जातं. निरोपाच्या भाषणात मी बाईंचं नाव घेतलं तेव्हा अर्ध्या लोकांना त्या कोण हेच माहीत नव्हतं. त्या जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

रजेचं कळलं तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, "बाई, एवढी रजा का घालवलीत माझ्यासाठी?" त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "माझ्याही वर्गात कुणीतरी येऊन बसलं होतं." कोण, ते सांगितलं नाही. मीही पुढे विचारलं नाही, आता वाटतं विचारायला हवं होतं.

असो. ते पत्र अजून माझ्याकडे आहे, बिनतारखेचं. मध्यंतरी एका नव्या शिक्षिकेला दाखवलं. नोकरीचं पहिलं वर्ष, चेहरा पार उतरलेला. वाचून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही सोमवारी माझ्या वर्गात याल का?"

आता रजा टाकायचीही गरज नाही. सोमवारी जाणार आहे.